तुतारी घेऊन मेरठला

फरीदाबादहून सकाळी निघाले तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली तुतारी होती. आमच्या सेक्टरच्या गणेश मंडळाची. ती वाजवणारे काका निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि ती स्टोअररूममध्ये खुर्च्यांच्या ढिगाखाली चेपली. नवी मागवू, असं सगळे म्हणाले. मी मात्र हट्टाला पेटले होते. हीच वाजेल, आणि याच गणपतीत वाजेल.

तुतारीचं तोंड खिडकीबाहेर डोकावत होतं. सिग्नलला एका रिक्षावाल्याने बारात कुठे चाललीय, असं विचारून घेतलं.

मेरठमधली बँडवाद्यांची गल्ली दिसण्याआधी ऐकू येते. ठोकाठोक, मशीनची घरघर, मध्येच ट्रम्पेटचा एखादा सूर. दारांवर पितळी सूझाफोन (अंगाभोवती घेऊन वाजवायचं अजस्र वाद्य) टांगलेले. विचारत विचारत रईस मियाँचा कारखाना सापडला.

सत्तरीचे, तोऱ्यातले गृहस्थ. आजोबा छावणीतल्या पलटणींचे बिगुल दुरुस्त करायचे, वडिलांनी लग्नाच्या बँडसाठी ट्रम्पेट घडवले, हे चहा येण्याआधीच सांगून झालं. आता डीजेने बँड खाल्ले. मुलगा हॉटेलांच्या भिंतींसाठी चकचकीत बिगुल करतो. त्यांत फुंकलं तर नुसती हवा येते. रईस मियाँ हे सांगत असताना मुलगा मान खाली घालून पॉलिश करत राहिला. मला त्याचं वाईट वाटलं.

रईस मियाँनी तुतारीवरून हात फिरवला. पोचे निघतील, सुटलेल्या जोडाला टांका (आपला डाख) लागेल, म्हणाले. मग विचारलं, "बहनजी, बजाएगा कौन?"

बघू, मिळेल कुणीतरी, असं मी सांगितलं.

"तो दीवार के लिए ले जाइए. लड़का चमका देगा."

वाजवणाऱ्याने इथे सूर काढून दाखवल्याशिवाय वाजतं वाद्य दुकानाबाहेर जात नाही, हा त्यांच्या आजोबांपासूनचा रिवाज. मला रागच आला. एवढ्या लांब काय भिंत सजवायला आले होते?

"मैं बजाऊँगी," मी म्हटलं.

त्यांनी शांतपणे माउथपीस काढून माझ्या हातात ठेवला आणि कामाला लागले. नळीतून पोलादी गोळे सरकवत आतून पोचे काढू लागले. मी बाकावर बसून फुंकत होते. मध्ये नानखटाई खाल्ली आणि तशीच फुंकले, तर चुरा उडाला. समोरच्या दुकानातले हसले. ओठ बधिर झाले, पण उठले नाही.

दुपार कलली तेव्हा तुतारी जोडून झाली. पहिल्यांदा नुसती हवा. दुसऱ्यांदाही हवाच. आता ती इथेच राहणार, असं वाटलं. मग पोटातून जोर लावला आणि एक घोगरा, फाटका, पण खराखुरा आवाज निघाला.

रईस मियाँनी मुलाला मशीन बंद करायला सांगितलं. मला म्हणाले, "एक बार और."

या वेळी सूर जरा लांबला. ते डोळे मिटून ऐकत होते. "डर लगता था," ते म्हणाले, "कि शोपीस बनाते-बनाते हम सुनना ही न भूल जाएँ."

मुलाने तुतारी स्वतः गाडीपर्यंत आणून दिली.

परतताना ओठ सुजले होते आणि मला विलक्षण आनंद झाला होता. त्या घराण्याने तीन पिढ्या जे सांभाळलं, त्यात आता माझाही श्वास होता. काका पुण्याला गेल्यापासून बाप्पाच्या आगमनाला आम्ही फोनवरची तुतारी लावायचो. घरी पोचल्यावर मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून ते रेकॉर्डिंग डिलीट करायला सांगितलं.

"अरे यार, ऐनवेळी तुला जमलं नाही तर?"

"तर फाटकी वाजेल," मी म्हटलं. "पण वाजेल."