निळे ठिपके

एकोणीसशे साठच्या सुमाराला बंगळुरात, कॅन्टोन्मेंटमधल्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी नवरा-बायकोंना जोडीनं तलवारबाजी शिकवत. बोथट तलवारीच्या टोकाला खडू लावायचा, नवऱ्यांनी लाल, बायकांनी निळा. पांढऱ्या जाकिटावर ठिपका उमटला की ज्याला लागलं त्यानंच "लागलं" म्हणायचं. बायकोकडून हरणं माझ्या जिवावर यायचं. तिचे ठिपके मी तळव्यानं हळूच पुसून टाकायचो.

कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ एकटेच खेळत. समोरच्या रिकाम्या जागेला सलामी देत, दोन पावलं मागे सरत आणि हसून म्हणत, "लागलं." त्यांची बायको वारल्यापासून हे असंच चाललंय, असं बाकीचे सांगत. मला तो शुद्ध वेडेपणा वाटे.

एकदा मी ठिपका पुसत असताना त्यांनी माझं मनगट धरलं. "स्वल्प थांबा, अण्णा. पुसू नका. पुढे यांचीच वाट बघाल."

मी ओशाळून नजर वळवली, ती त्यांच्या छातीवर गेली. तिथे तीन निळे ठिपके होते.

"जुने जपून ठेवलेत वाटतं?" मी विचारलं.

"छे! जाकीट कालच धुतलंय," असं म्हणत ते पुन्हा सलामीला उभे राहिले.