पावणेसहाची किल्ली

सकाळचे साडेआठ वाजले होते. कुकर दुसऱ्या शिट्टीच्या तयारीत होता, सासूबाई चष्मा न लावता शब्दकोडं सोडवत होत्या, म्हणजे ते मी वाचून दाखवत होते, आणि आमच्या ह्यांनी डब्यात काय आहे ते विचारून, उत्तर न आवडल्यामुळे झाकण उघडून स्वतः पाहिलं होतं. तेवढ्यात दार वाजलं. दोन ठोके हळू, तिसरा जोरात.

आम्ही तिघांनीही घड्याळाकडे पाहिलं. हा ठोका शिट्टीसरांचा, आणि तो पहाटे पावणेसहाला पडतो. सासूबाईंची थायरॉइडची गोळी त्या ठोक्यावर चालते. त्यांचा हात आपोआप गोळ्यांच्या डबीकडे गेला.

“मी सकाळी घेतली ना गं?”

“घेतलीत.”

“मग हा परत का आला?”

शिट्टीसर म्हणजे आमच्या ह्यांच्या कॉलेजातले खेळाचे सर. कॉलेज लहान, मैदान त्याहून लहान. हे तिथे हेडक्लार्क. खेळाच्या खोलीची किल्ली ही संस्थेची मालमत्ता, म्हणून ती ह्यांच्या ताब्यात, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. सर पहाटे ती घेऊन जातात आणि संध्याकाळचे चेंडू बाहेर काढून दुपारी ऑफिसात ह्यांच्याकडे परत देतात. अकरा वर्षं हे असंच चाललंय. तीन महिन्यांची बदली म्हणून आले होते. कायमचे क्रीडासंचालक मिळेपर्यंत, असं ठरलं होतं. ते अजून मिळायचेत. तोवर त्या पदाचा जादा भार इतिहासाच्या प्राध्यापकांकडे आहे. ते शेवटचे धावले ते बस पकडायला, आणि ती सुटली. मैदानासाठी एक शिपाई मंजूर आहे. तो प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसतो, कारण तिथे पंखा आहे.

उरले शिट्टीसर. स्वतः कॉलेजात शिकताना व्हॉलीबॉल खेळायचे. नेटजवळ गुडघा गेला, तेव्हापासून जिना एकेक पायरी थांबून चढतात, पण मैदानावर ते लंगडताना कोणी पाहिलं नाही. फुटबॉल, व्हॉलीबॉल, धावणं सगळं तेच शिकवतात आणि जर्सींचा सेट एकच, चौदांचा. एकदा दोन्ही सामने एकाच दिवशी आले. फुटबॉलवाल्यांनी मैदानातच जर्सी उतरवल्या, सरांनी त्या पोत्यात भरून स्कूटरवरून पलीकडे नेल्या, आणि आपल्या पोरांनी त्या ओल्याच घालून व्हॉलीबॉलचा सामना जिंकला. हरणाऱ्या संघाने तक्रार केली होती, वासाची. जर्सींवरचे आकडे सरांची बायको शिवते. शिलाईचं बिल तिने एकदाच दिलं होतं. ह्यांनी ते ‘दरपत्रके तीन हवीत’ असा शेरा मारून परत पाठवलं.

मी दार उघडलं. सर घामेजलेले, गळ्यात शिट्टी, हातात किल्ली.

“वहिनी, किल्ली जमा करायला आलो. कायमची.” आत येऊन त्यांनी ती टेबलावर ठेवली.

“म्हणजे?”

“आज साडेअकराला मीटिंग आहे. साहेबांना ठाऊक असेल.”

ह्यांना ठाऊक होतं. ह्यांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

झालं होतं असं. सरांना पैसे मिळतात तासावर, दिवसाला तीन तास, आणि तास धरतात रजिस्टरवरच्या सहीवरून. रजिस्टर ह्यांच्या कपाटात. कपाट उघडणार अकराला. म्हणून सर पहाटे सहा ते आठ मुलांना पळवतात, संध्याकाळीही दोन तास खेळवतात, ते हिशेबात नाही. आणि अकरा ते दोन खेळाच्या खोलीत बसतात, ते हिशेबात आहे. त्या वेळात मुलं वर्गात असतात; खेळायला आली तर गैरहजेरी लागते. गेल्या महिन्यात संस्थेचे खजिनदार वही घेऊन तीन दिवस त्या खोलीत डोकावून गेले. पहिल्या दिवशी विद्यार्थी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी एक, तो फुटबॉलच्या पंपाने सायकलीत हवा भरायला आला होता. खजिनदारांनी अहवाल दिला, की या पदाचा एकाही विद्यार्थ्याला उपयोग नाही. पद बंद करावं आणि वाचलेल्या पैशात क्रीडामहोत्सवाचा मंडप मोठा घालावा.

“दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत,” सासूबाई म्हणाल्या. “मास्तर, तुम्ही बोलला नाहीत का कधी?”

“बोललो होतो आजी. नऊ वर्षांपूर्वी. रजिस्टर ऑफिसबाहेर जात नाही म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

सर छताकडे बघू लागले. ह्यांनीही छताकडे पाहिलं. छताला जळमट होतं, ते मी त्या दिवशी काढलं.

“नियम आहे आई,” हे म्हणाले.

“किल्ली येते रे घरी. किल्लीला नियम नाही?”

“किल्लीची नोंद होते.”

हे म्हणाले आणि थांबले. कारण ती नोंद मीच करत होते. सर आले त्या पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला बजावलं होतं, मालमत्ता घराबाहेर जाते, वेळ टाकून ठेवत जा. माझ्याकडे वही नव्हती, दुधाचं कॅलेंडर होतं. दूध दीड लिटर, त्याखाली ‘कि. ५.४५’. सवयीने लिहीत गेले. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. मग स्टुलावर चढून कपाटावरची गुंडाळी काढली. आठ वर्षांची निघाली. आणखी दोन फडताळात डब्यांखाली अंथरलेली. ती ह्यांनी स्वतः काढली. साखर, रवा, मसाल्याचे डबे एकेक उचलून ओट्यावर मांडले. लग्नाला चोवीस वर्षं झाली, साखरेचा डबा कुठे असतो ते ह्यांना त्या दिवशी कळलं.

“हा पुरावा होत नाही,” हे पानं उलटत म्हणाले. “यावर गॅस सिलिंडर लिहिलाय. मुलीचा ताप लिहिलाय. हे काय, ‘सासूबाई रुसल्या’?”

“बघू,” सासूबाई म्हणाल्या.

“पण वेळ आहे,” मी म्हटलं. “रोजची. अकरा वर्षांत सर चुकले ते सतरा दिवस. त्यातले दहा गुडघ्याचे.”

“बारा,” सर म्हणाले. “दोन दिवस खोटं सांगितलं होतं. मुलीची परीक्षा आहे म्हणून.”

ह्यांनी चष्मा पुसला. मग कोरा कागद घेतला, डावीकडे समास सोडला, ‘प्रति’ लिहिलं. ह्यांनी समास सोडला की मला धीर येतो. “सकाळी किती मुलं असतात?”

“आज बावीस होती. त्यात मुली नऊ.”

“नावं?”

सरांनी बावीस नावं न अडखळता सांगितली. ह्यांनी लिहून घेतली. मी चहा टाकला. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कोणी मोजलं नव्हतं, त्या दिवशी भाताची पेज झाली.

“आता मागणी,” हे म्हणाले. “एकच हवी. दोन असल्या की समिती दोन्ही फेटाळते. कायम करा म्हणून लिहू?”

“नको.”

“संध्याकाळच्या तासांचे पैसे? मागची थकबाकी?”

“मागा की मास्तर,” सासूबाई म्हणाल्या. “लाजायचं काय त्यात?”

सरांनी टेबलावरची किल्ली उचलली, खिळ्यापाशी गेले, जागच्या जागी टांगली. खिळ्याशेजारची भिंत मोकळी होती. तिथे त्यांनी तळहात ठेवून पाहिला, वहीएवढी जागा आहे का ते.

“लिहा साहेब,” ते म्हणाले. “सहीचं रजिस्टर सकाळी पावणेसहाला किल्लीबरोबर मिळावं.”