रिकामा रॉड

अकोल्याच्या आमच्या जिममधला सगळ्यात ताकदवान माणूस सगळ्यात कमी बोलायचा. वेल्डिंगचं काम करायचा. वजनाला हात लावण्याआधी पुटपुटत बिस्मिल्ला म्हणायचा.

सोयाबीन हातचं गेलं त्या वर्षी मी हिवरखेडहून कॉलेजला आलो, अंगावर नुसती हाडं. पहिल्याच दिवशी मला रिकामा रॉडही छातीवरून उचलेना. पोरं हसली. मी चपला घालू लागलो. तेव्हा त्यानं आपल्या रॉडच्या सगळ्या प्लेटा उतरवल्या आणि तो रिकामा रॉड घेऊन बाकावर आडवा झाला.

"कुठी चालला? ये, माह्यासंग मार. अन् दूध परवडत नसंन तं चने भिजवून खात जाय."

हसू थांबलं. पुढं कितीतरी दिवस तो पहिला सेट मी उचलायचो तेवढ्याच वजनानं मारायचा.

दंड-छाती नंतर भरली. पण मी दुसऱ्या दिवशी परत गेलो, तो त्याच्यामुळं.