इंजिनाला दोन मालक, बेरिंगला एकही नाही

बेरिंगवर तळहात ठेवला आणि मनात आकडे मोजायला लागलो. दहापर्यंत हात टिकला तर काळजी नाही, हा आमच्या धंद्यातला थर्मामीटर. मी तीनला हात काढला.

"सकाळी पाचपतुर टिकत हुता, सायेब," सदा म्हणाला. "ताप चढाय लागलाय."

सदा आमचा ऑइलमन. चाळिशीचा, पलटणीतून परतलेला, अबोल गडी. मी वॉटरवर्क्सचा ओव्हरसिअर. सांगलीजवळच्या एका चिमुकल्या संस्थानात हे ऑइल इंजिन कृष्णेचं पाणी गावच्या टाकीत चढवायचं. स्वातंत्र्य मिळून दोन महिने झाले होते आणि खंडेनवमी तीन दिवसांवर आली होती.

बेरिंग म्हणजे इंजिनाचा मोठा दांडा ज्यात फिरतो ते घर. त्याला आतून मऊ धातूचं अस्तर असतं. तेल पोचलं नाही की ते तापतं, वितळतं आणि दांडा आवळला जातो. मग जे फुटेल ते फुटेल. शेजारच्या एका गिरणीत असंच झालं, तेव्हा तिथल्या ऑइलमनचा पाय गेला होता. आमचा सदा दिवसभर चाकापासून दोन हातांवर उभा असायचा. मला त्या पायाची भीती वाटत होती, दुसरी कसली नाही.

दुरुस्ती दीड दिवसाची. इंजिन बंद ठेवायचं, नवं अस्तर ओतायचं, घासून बसवायचं. पण नियम असा, की मालकाच्या लेखी हुकुमाशिवाय इंजिन बंद करायचं नाही. माझ्या आधीच्या ओव्हरसिअरने एकदा पाऊण तास बंद केलं. नेमके राजेसाहेब अंगाला साबण लावून बसले होते. ओव्हरसिअर त्याच दिवशी घरी गेला.

आता मालक कोण? राजेसाहेबांनी सगळं कारभारीसाहेबांवर सोपवलेलं. गेल्या वर्षापर्यंत ते म्हणायचे, रयतेला पाणी पाजणं हा राज्याचा धर्म. विलीनीकरणाचं वारं सुटलं, संस्थानची मालमत्ता मुंबई सरकारकडे जाणार असं दिसलं, आणि आठवड्यात त्यांचं मत पालटलं. राज्याने न्यायनिवाडा करावा, पंप व्यापाऱ्यांनी चालवावेत. त्यांनी लगोलग खासगी कंपनी काढली. डायरेक्टर तिघे: व्याही, जावई आणि मेहुणा.

प्रजापक्षाचे पुढारी अण्णा याच्या कट्टर विरोधात. पाणी सरकारी मालकीचंच पाहिजे, असं ते चावडीपुढे गरजायचे. सरकार म्हणजे मुंबईचं नव्हे बरं का. सरकार म्हणजे अण्णांची कमिटी, आणि कमिटीत अण्णांचे चुलतभाऊ.

मी आधी कारभारीसाहेबांकडे गेलो.

"इंजिन कंपनीचंच," ते खुशीत म्हणाले. "कागद झालाच समजा."

"मग बंद ठेवायचा हुकूम द्यावा. बेरिंग जाईल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तसं पाहिलं तर कागद अजून व्हायचाय. आज ते प्रजेचंच म्हणायचं. अण्णांना विचारा."

अण्णा आष्ट्याकडचे, बोलणं रोखठोक. "इंजिन जन्तेचं! त्यात बोलायचंच न्हाई!"

"मग सही करा. दीड दिवस पाणी बंद राहील."

"सणासुदीला? आवं, बिगडलेलं इंजिन जन्तेचं कसं? ते कंपनीचं. दुरुस्त करून द्या, मग जन्ता घील ताब्यात."

मी परत आलो तर सदा बेरिंगवर ओलं पोतं घालत होता. वाफ निघत होती. "घरी जा," म्हटलं तर हलेना. "त्याल कोण घालंल?" एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी दोन चिठ्ठ्या आल्या. कारभारीसाहेब लिहीत होते, खंडेनवमीला इंजिनपूजेचा मान मालकाचा, सबब कंपनीतर्फे आम्ही पूजा करू. अण्णा लिहीत होते, जनतेच्या वतीने पूजा आम्हीच करणार. मी चिठ्ठ्या सदाला वाचून दाखवल्या आणि दोघांनाही मनसोक्त शिव्या घातल्या.

आमच्याकडे खंडेनवमीला इंजिनाला चालू असतानाच कुंकवाचं बोट लावायचे. पाणी थांबवणार कसं?

सदा म्हणाला, "सायेब, घरी आमी नांगर-कुऱ्हाड पुजली की दसऱ्यापतुर चालवत न्हाई. ह्या इंजिनानंच कुणाचं घोडं मारलंय?"

मला त्यात वाट दिसली. मग दोन कागद घेतले आणि दोन्ही मालकांना एकच प्रश्न लिहून पाठवला: पूजा बोटापुरती करायची की शास्त्रोक्त? प्रतिपक्षाकडेही विचारणा केली आहे, असं खाली जोडलं.

तासाभरात उत्तरं आली. दोन्हीकडून एकच शब्द, "शास्त्रोक्त", आणि खाली ठसठशीत सही.

खंडेनवमीला सकाळी गाव लोटला. फिरत्या चाकाला हार कसा घालणार, म्हणून मी इंजिन बंद केलं. कारभारीसाहेब जरीचा रुमाल बांधून आले, अण्णा खादीची टोपी घालून. आधी नारळ कुणी फोडायचा यावरून अर्धा तास गेला. शेवटी गुरुजींनी एक-दोन-तीन म्हटलं आणि दोघांनी एकदमच फोडले. मग गुरुजी म्हणाले, "आता दसऱ्याला सोनं लुटेपर्यंत यंत्राला विश्रांती."

दोघे दचकले. "आणि पाणी?" कारभारीसाहेबांनी मला हळूच विचारलं.

"शास्त्रोक्त म्हणाला होता आपण," मी म्हणालो. "अण्णांना विचारू का?"

"छे, छे!" ते म्हणाले. एवढ्या लोकांसमोर पूजा मोडायला अण्णाही धजले नाहीत.

गुरुजींना मी साफसफाईबद्दल विचारून घेतलंच होतं. "फिरवू नका म्हणजे झालं," असा निर्वाळा मिळाला होता. बेरिंग उघडलं तर निम्मं अस्तर वितळून खाली आलं होतं. अजून एखादा दिवस, आणि संपलंच असतं. दसऱ्याला दिवस मावळता इंजिन सुरू झालं. मी हात ठेवला, दहा मोजले, आणखी दहा मोजले. मला रडू आलं, ते तेलकट हातानेच पुसलं.

लगेच दोन नोटिसा आल्या. कारभारीसाहेबांनी विचारलं होतं, जनतेचं पाणी जनतेला न विचारता का तोडलं? अण्णांनी विचारलं होतं, कंपनीचं इंजिन कंपनीला न विचारता का थांबवलं? मी दोघांना त्यांच्याच सहीची नक्कल पाठवली.

काही महिन्यांनी संस्थान विलीन झालं आणि इंजिन मुंबई सरकारच्या खात्यात गेलं. त्यानंतर मी सरकारी पंप चालवले, खासगीही चालवले. मालकी कशी असावी यावर पुष्कळ भाषणं ऐकली. माझी पद्धत ठरून गेली आहे. मालक कोण, हे पूजेच्या दिवशी विचारत नाही. बेरिंग तापल्यावर जो तिथून हलत नाही त्याला मालक समजतो. तसं पाहिलं तर आमचं इंजिन सदाचं होतं, पण त्याला कुणी साधा हारही घालू दिला नाही.