टाकीवरची लाल बोटं

सातपूरचं आमचं वर्कशॉप एवढं प्रशस्त, की लेथवर माणूस उभा राहिला तर त्याचं कोपर शेजारच्या कारखान्यात जातं. तिथं आम्ही पाण्याच्या टाक्या बनवल्या आणि युद्धात होरपळलेल्या एका परक्या देशात, छावणीतल्या कुटुंबांसाठी त्या मदत म्हणून गेल्या. माल निघाला त्या दिवशी नारळ एवढे फोडले, की सगळ्या एमआयडीसीनं आठवडाभर चटणी खाल्ली. रिवाजाप्रमाणे आईनं प्रत्येक टाकीवर पाच बोटं ओढली. कुंकू वाटेतच धुऊन जाईल म्हणून तिनं पेंटरकडून लाल ऑइलपेंट मागून घेतला. "जगबुडी आली तरी निघायची नाहीत," म्हणाली.

तोट्या बसवायला धाकटा भाऊ तिकडे गेला.

एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा व्हिडिओ कॉल आला. सगळे मोबाइलभोवती गोळा झालो. पडद्यावर आमची टाकी, आणि पार लांब रिकामे कॅन घेऊन उभ्या असलेल्या बाया. जवळ कुणी येईना.

"तुझं थोबाड बघून घाबरल्या काय रे?" मी ओरडलो.

तो हसला नाही. त्याच्या मागे, रस्त्याच्या कडेला, लाल रंगवलेले दगड दिसत होते. आईनं हात जोडले. "बघा, तिथंही शेंदराचे देव आहेत."

"आई, देव नाहीत ते. त्यांच्या पलीकडे सुरुंग पेरलेत. इथं लाल म्हणजे पुढे पाय टाकायचा नाही."

कुणीतरी कॉम्प्रेसर बंद केला.

"टाकी रात्रभर इथं एकटीच होती, कुणी खाली काही पेरलं असेल तर कळणार नाही," भाऊ सांगत होता. "पाच बोटं तुझी, ते मी ओळखतो. पण खाली तोटीच्या मागे आणखी एक लाल डाग आहे. तो तुझाच ना? हो म्हण, म्हणजे तोटी उघडतो. लोक तहानलेत."

त्यानं मोबाइल जवळ नेला. डाग नखाएवढा, पण बघता बघता मला तो गाडीच्या चाकाएवढा दिसायला लागला. पेंटर पुटपुटला, "शेठ, मी ब्रशच लावला नव्हता."

आमची आई न पाहिलेल्या गावाचाही पत्ता छातीठोक सांगते. 'माहीत नाही' हे तिच्या तोंडून ब्रह्मदेवानंही ऐकलं नसेल. तिनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. ओठ हलले. आता ही 'हो' म्हणणार, अशी माझी खात्रीच झाली.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "बाजूला हो, राजा. आलास त्याच वाटेनं जा."

सुरुंग शोधणारा माणूस आला आणि टाकीखाली पालथा झोपला. लांबून आम्हाला फक्त त्याचे बूट दिसत होते. मला फुटलेल्या घामानं तसली दुसरी टाकी भरली असती. शेवटी बूट हलले, तो उठला, त्यानं हात वर केला. रंगाचा ओघळ होता तो.

भावानं तोटी सोडली. पाणी धो धो जमिनीवर पडलं. तरी एकही बाई जागची हलेना. टाकीवर लाल अजून होतंच.

"डिझेल घे, फडकं घे अन् पूस," आई म्हणाली.

"आई, तुझी बोटं..."

"पूस म्हणते ना मेल्या! जोरात घास!"

त्यानं एकेक बोट घासलं. करंगळी निघाली तशी एक बाई पोरांना मागेच उभं करून, एकटीच कॅन घेऊन, पुढे निघाली.