विहिरीवरची तिसरी बाई

खोली भाड्यानं मागायला गेले तेव्हा काळेकाकांनी माझं आडनाव, गाव, नवरा, काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "मॅडम, पिक्चर आवडला नाय तर तुम्ही मधूनच उठून जाता का?" शहराच्या या गारखेडा भागातले घरमालक काय काय विचारतात याची मला सवय झाली होती, पण हा प्रश्न नवा होता. मी म्हटलं, नाही, शेवटपर्यंत बसते. "मग सामान आणा," ते म्हणाले. आतून काकू ओरडल्या, "अहो, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते तरी सांगा त्यांना!"

प्रश्नाचा उगम मला पहिल्याच रविवारी कळला. 'आपटबार' नावाचा एक कार्यक्रम आमच्याच शहरातली दोन पोरं मोबाइलवर चालवतात. एक सचिन, एक इम्रान. जुना, सपशेल आपटलेला पिक्चर शोधून काढायचा, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचा आणि पडद्याच्या कोपऱ्यात बसून त्याची टर उडवायची. सचिन मराठीत बोलतो, इम्रान दखनीत. खाली पिक्चरवाल्यांची बडबड चालू, वर यांची. बघणारे थोडे, पण जे आहेत ते वेडे. काळेकाका त्यांतले सर्वांत वयस्कर वेडे असावेत.

रविवारी जेवणं झाली की ते मोबाइल टीव्हीला जोडत आणि मला हाक मारत. गंमत म्हणजे ते स्वतः कधी हसत नसत. शेंद्र्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस आलेला माल तपासावा तसे विनोद तपासायचा. विनोद जमला तर "बरोबर." नाही जमला तर "हुकला." इम्रान हिरोला "मियाँ, घोडा भी शरमा रहा" म्हणाला की मी हसून लोळायची, काका म्हणायचे, "बरोबर. घोडा खरंच शरमायला. बघा त्याचे कान."

एकदा पिक्चर इतका रटाळ होता की मी उठले. काकांनी मला हातानंच बसवलं. "टर उडवायची तर पुरं बघून उडवावी. वाईट पिक्चर काढायलाबी लोकं पहाटे उठलेले असतात, मॅडम." हे वाक्य मी पुढं कॉलेजात विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना स्वतःला बऱ्याचदा ऐकवलं आहे. फारसा उपयोग होत नाही.

सचिन-इम्रानला ते दर महिन्याला निरोप पाठवत: अमुक पिक्चर घ्या. कायम एकच नाव. ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण काढणाऱ्यांची नातवंडं हयात आहेत आणि त्यांचा काही दोष नाही. इतका वाईट आहे का तो, असं मी काकूंना विचारलं. काकू मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "लई वाईट. पण त्यात आमच्या सासूबाई हायेत."

काका सहा-सात वर्षांचे असताना त्यांच्या गावी, पिशोरला, शूटिंगची माणसं आली होती. विहिरीवर पाणी भरायला गावातल्याच चार बाया उभ्या केल्या. तिसरी काकांची आई, आणि तिला एक वाक्यही दिलं. पिक्चर तालुक्यालासुद्धा लागला नाही. दोन वर्षांत ती तापानं गेली. "चेहरा लग्नातल्या फोटोत हाय," काका मला नंतर म्हणाले. "आवाज मात्र गेला डोक्यातून. किती आठवला तरी येत नाय." असला पिक्चर कुणी शोधून काढला तर हीच दोन पोरं काढतील, हा त्यांचा हिशोब होता.

आणि पोरांनी काढला. त्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. विहीर आली. पहिली बाई बोलली, दुसरी बोलली. तिसरीनं घागर उचलली, थेट आमच्याकडं पाहिलं आणि ओठ हलवले. नेमका तेव्हाच सचिनचा आवाज आला, "अरे, ही बाई कॅमेऱ्याकडं अशी बघायली, जसं काय गिरणीवाल्यानं पीठ कमी दिलं!" इम्रान खदखदून हसला. आईचं वाक्य त्याखाली गेलं.

काकांनी मागं घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा गिरणीवाला. काकू उठून आत गेल्या. काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "बरोबर." मला त्या क्षणी त्या पोरांचा मनापासून राग आला.

मी त्यांना कळवलं. चार दिवसांनी दोघं विनोदांशिवायचा मूळ पिक्चर पेनड्राइव्हमध्ये घेऊन घरी आले. सचिन मान खाली घालून म्हणाला, "काका, आम्हाला म्हाईत नव्हतं." काका म्हणाले, "तुला कसं म्हाईत असणार? बस. चहा घे."

विहीर आली. तिसरी बाई बोलली, "पाटील आले, पदर घ्या गं." आवाज स्वच्छ होता, शहरी होता, आणि पहिल्या दोघींचा होता तोच होता. चौथीचाही तोच निघाला. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओत एकाच बाईनं चौघींची वाक्यं बोलून टाकली होती. पिशोरचा आवाज कुणी ठेवलाच नव्हता. पोरं एकमेकांकडं बघेनात.

"बोला की," काका म्हणाले. "चौघींत मिळून एकच नरडं. एवढा मोठा चान्स सोडता का?"

मग काकांनी टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि तेवढा तुकडा दोनदा लावला. आई घागर उचलते, इकडं बघते, तिचे ओठ हलतात. दुसऱ्या वेळी काका खुर्चीत पुढं सरकले.

"हे ओठ 'पाटील आले'चे नायत," ते म्हणाले. "ती वेगळंच बोलायली. 'मागं सर, भानू.'" भानुदास हे काकांचं नाव. "मी कॅमेऱ्याच्या पायापाशीच उभा होतो. लई मधी मधी करायचो."

सचिन हळूच म्हणाला, "काका, तो विनोद काढून टाकतो आम्ही."

"कशाला? विनोद बरोबर हाय. ती रागानंच बघायली." काका डोळे पुसत हसत होते, त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होते. "फक्त कॅमेऱ्याकडं नाय. माझ्याकडं."