धर्मशाळेच्या सात काचा

सातही काचा शाबूत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण मन काही केल्या मानेना.

मी तेव्हा इमारतींची तपासणी करणाऱ्या एका ऑफिसात ओव्हरसियर होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. लालबागच्या एका जुन्या धर्मशाळेची फाइल माझ्याकडे आली होती. कोकणातून गलबतानं आलेल्या माणसाला पहिले चार दिवस पाठ टेकायला जागा मिळावी, म्हणून कुणा शेठनं ती बांधलेली. खाली सागवानी खांब, वर लांबलचक हॉल. पुढे तिथे कोकणातल्याच एका गावच्या मंडळानं बस्तान बसवलं. गिरणीतले गाववाले वर राहत, त्यांच्या बैठका तिथे होत, आणि आता चळवळीच्या सभाही. भिंतींना तडे गेले होते.

"सभा भरतात ना तिथे? मग धोकादायकच आहे ती. पाडायचा रिपोर्ट दे," आमचे साहेब म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

मी दीड महिना मागून घेतला आणि सात तड्यांवर सात काचा लावल्या. यात मोठी विद्या नाही. काचेची अरुंद पट्टी तड्यावर आडवी धरायची आणि दोन्ही टोकं सिमेंटनं भिंतीला चिकटवायची. तडा जुना, निवांत असेल तर काच तशीच राहते. भिंत अजून सरकत असेल तर काच तडकते. मंडळाचे प्रमुख तात्या गिरणीत जॉबर होते, म्हणजे खात्यातल्या कामगारांचे मुकादम. निघायच्या घाईत मी त्यांना एवढंच सांगितलं, "काच फुटली तर इमारत गेली समजा."

दीड महिन्यानं, श्रावणातल्या एका रविवारी दुपारी मी परत गेलो. वर हॉलमध्ये कुणी नव्हतं. रंगीत तावदानांतून हिरवा-पिवळा उजेड जमिनीवर पसरला होता आणि बाहेर ढग सरकला की तोही हळूच सरकत होता. शेजारच्या गल्लीतून मसाला कांडल्याचा वास येत होता. घटकाभर मला वाटलं, मी लालबागेत नाहीच. गलबताच्या पोटात उभा आहे आणि वर कुठेतरी शीड भरतंय. कामावर असताना असं काही वाटू नये, पण वाटलं खरं.

मागून तात्या आले. हातात चपला.

"एवढं सामसूम कसं?" मी विचारलं.

"दीड म्हयना कुणी वर ऱ्हायला न्हाय, सायेब," तात्या अभिमानानं म्हणाले. "ट्रंका, भांडी सगळी खाली काढली. बैठका आमी फुटपाथवर घेतल्या."

त्यांच्यामागे भागीरथीबाई होत्या. त्या खालच्या अंगाला गिरणीवाल्यांची खानावळ चालवत. "मी रोज येऊन काचा बगते," त्या म्हणाल्या. "टाचा उचलून चालते. फुटाया नकोत म्हणून."

माझा मलाच राग आला. तापलेल्या पोराला जपावं तसं या माणसांनी इमारतीला जपलं होतं, आणि त्यामुळेच माझी सगळी तपासणी वाया गेली होती. रिकाम्या इमारतीत काचा फुटत नाहीत. साहेबांच्या हे दोन मिनिटांत लक्षात आलं असतं.

"तात्या, गणपती जवळ आले. बाल्या नाचाची तालीम कुठे चाललीय?"

"औंदा नाचच न्हाय, सायेब. ह्या जमिनीवर कोण पाय आपटंल?"

बाल्या नाच म्हणजे कोकणातल्या माणसाचा जीव. मधे ढोलकीवाला आणि गाणारा बसतो, पायात चाळ बांधलेले गडी भोवती गोल धरून नाचतात. पाय पडतो तो पूर्ण वजनानं.

"पुढच्या रविवारी तालीम इथेच करा," मी म्हणालो. "मी खाली उभा राहतो."

भागीरथीबाई म्हणाल्या, "आनि फुटली तर?"

"तर फुटली. पण खरं काय ते कळेल."

पुढच्या रविवारी मी खालून टेकू लावले, तुळयांपासून बोटभर अंतर सोडून. तुळई खचलीच तर टेकूनं तिला धरावं, एरवी स्पर्शही करू नये. आधी चार गडी नाचले, मग आठ, मग सोळा. मी खाली खांबाला हात लावून उभा. ढोलकी चढत गेली तसं खांबातून काहीतरी माझ्या तळहातात उतरू लागलं. भीती कधी गेली कळलंच नाही. किती जणांनी इथे पहिल्यांदा पाठ टेकली असेल, असलंच काही मनात येत राहिलं.

वरून भागीरथीबाई ओरडल्या, "फुटली! फुटली वो!"

ढोलकी थांबली. मी धावत वर गेलो. शेवटच्या खिडकीजवळची काच मधोमध तडकली होती. भागीरथीबाई खाली बसून रडत होत्या. मी बाकीच्या सहा पाहिल्या. एकीवर ओरखडा नव्हता. तडकलेल्या काचेखालचा गिलावा काढला, तर पन्हळीचं पाणी मुरून एका तुळईचं भिंतीतलं टोक कुजलं होतं. त्या एकाच तुळईचं. बाकीचं सागवान ठणठणीत होतं.

सोमवारी साहेबांनी रिपोर्ट वाचला.

"एक काच फुटली असं तूच लिहिलंयस. मग पाडायची."

"एक फुटली म्हणूनच बाकीच्या सहांवर विश्वास ठेवता येतो, साहेब. वर सोळा जण तासभर नाचत होते."

"आणि तू कुठे होतास?"

"खाली."

साहेबांनी पेन उघडलं. "मूर्ख आहेस," म्हणाले आणि 'एक तुळई बदलावी' या शेऱ्याखाली सही केली. तुळई मंडळातल्या सुतारांनीच बदलली. गणपतीत नाच वरच्याच हॉलमध्ये झाला.

भागीरथीबाईंनी मात्र मला बरेच दिवस माफ केलं नाही. दीड महिना टाचा उचलून चालल्यानं त्यांच्या पोटऱ्या धरल्या होत्या, आणि चूक सर्वस्वी माझी होती. इमारत वाचवायला ती माणसं काहीही करायला तयार होती. काय करायचं ते मी धड सांगितलं नव्हतं. नंतर नोकरीत जिथे जिथे काच लावली, तिथे निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगत आलो: काचेला जपू नका. रोज राहता तसेच राहा.